मोरसचं पाणी

कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाला मी आधीच सांगून ठेवलंय, की माझ्या चेहऱ्यापेक्षा हे टेबल जास्त दाखव. टेबलावर तीन वाट्या आहेत, एक रिकामं पातेलं आहे आणि ही एक हिरवी जुडी. जुडी जरा जवळून दाखव रे. हां. बडोद्याला, इंदूरला, हैदराबादला बसून जे पाहतायत त्यांना वाटेल, हे कसलं तण. रायगडातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. ही मोरस.

खाडीच्या काठाला, मिठागरांच्या बांधांवर, भरतीचं पाणी जिथे अधूनमधून येऊन जातं तिथे ही उगवते. शास्त्रीय नाव सुएडा. पानं बघा, पसरट नाहीत. तांदळाच्या फुगलेल्या दाण्यासारखी, लांबट, गुबगुबीत. बोटात चिरडली की पाणी निघतं. जिभेला लावली की आधी मीठ, मग हिरवटपणा, मग पुन्हा मीठ.

लहानपणी आमच्या घरी ही भाजी नेहमीची होती. त्यात कौतुकाचं काही नव्हतं. बाजारातून भाजी आणायला पैसे नसले की आई खाडीवर जायची, एवढाच त्याचा अर्थ. सैन्यात गेलो, मेसमध्ये जेवू लागलो आणि मोरस विसरलो. खरं सांगायचं तर विसरायचीच होती. कमिशन मिळालेल्या तरुण अधिकाऱ्याला, आपण चिखलातली भाजी खाऊन वाढलो हे चारचौघांत सांगावंसं वाटत नाही.

ती पुन्हा भेटली थेट पूर्व किनाऱ्यावर. 1993 साली ओडिशात गंजाम जिल्ह्यातल्या गोपाळपूरला होतो. हवाई संरक्षणाच्या तोफा हे माझं काम, आणि त्याचं प्रशिक्षण तिथे समुद्राच्या काठावर चालतं. एका रविवारी बाजारात एक बाई जमिनीवर ढीग लावून बसली होती. मी थांबलो, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि तिथल्या तिथे मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. बाई म्हणाली, ‘गिरिया’. एक रुपयाची घेतली. आमच्या सहायकाने लसूण, सुकी मिरची आणि सांडग्यासारखी उडदाची बडी घालून ती परतली आणि पखाळाबरोबर वाढली. पखाळ म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला, किंचित आंबलेला भात. त्या अळणी, गार भाताला ही खारट भाजी इतकी शोभून दिसत होती की मी दोनदा घेतली.

त्यानंतर मला नादच लागला. जिथे समुद्र तिथे विचारायचं. बंगालमध्येही ओडिशासारखंच गिरिया किंवा गिरे शाक म्हणतात. तमिळनाडूत उमरी. पण उमरी या एका नावाखाली दोन-तीन वेगळ्या वनस्पती येतात, म्हणून नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका. त्यातली एक सॅलिकॉर्निया. तिला पानं दिसतच नाहीत, नुसती सांध्यासांध्यांची हिरवी कांडी. भावनगरला मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या सॅलिकॉर्नियापासून वनस्पतीजन्य मीठ तयार करण्याची पद्धत बसवली. झाडापासून मीठ! आणि तमिळनाडूत वेदारण्यमला, जिथे 1930 साली राजाजींनी मिठाचा सत्याग्रह केला, तिथे स्वामिनाथन फाउंडेशनने खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची बागच उभी केली आहे. मी जे खुडत होतो ते तण नव्हतं, एवढं कळायला मला बरीच वर्षं लागली.

सुंदरबनातल्या केवड्याबद्दल, म्हणजे आपला सुवासाचा केवडा नव्हे, त्यांचा ‘केओडा’, दोन शब्द सांगतो. ते चिपीच्या जातीचं झाड. आपल्याकडे पांढरी चिपी महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून 2020 मध्ये जाहीर झाली, तिचं हे भावंड. केओड्याची छोटी, हिरवी, आंबट फळं उकडायची, बिया काढायच्या, गर गुळात शिजवायचा आणि वरून मोहरी-मिरचीची फोडणी. कोलकात्याला एका सहकाऱ्याच्या आईने वाढली होती. कैरीच्या मेथांब्याची आठवण येते, पण मागे एक तुरट चव राहते. ती वाटी आज टेबलावर नाही. सुंदरबन लांब आहे.

आता ज्यासाठी मी इथे बसलोय ते सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही गावी घर बांधलं. आमची सौ. इंदूरची. पोहे-जिलेबीच्या गावची. तिला खाडीचा वासही नवीन होता. मला मात्र रिकामा वेळ भरपूर, हातात मोबाइल, आणि समोर खाडी. मी मोरस करायला लागलो. आई कशी करायची ते अर्धवट आठवत होतं: शेंडे खुडायचे, धुवायचे, उकडायचे, पाणी टाकायचं, पुन्हा धुवून पिळायचं, मग फोडणीला. माझ्या लक्षात आलं, की यात पाणी टाकणं हा अडाणीपणा आहे. कुठल्याशा लेखात वाचलं होतं की पालेभाज्या उकडून पाणी फेकलं की जीवनसत्त्वं वाया जातात. मग मी सुधारणा केली. उकडायचं नाही, झाकण ठेवून अंगच्या पाण्यात शिजवायची. वर सौ.ला अभिमानाने सांगायचं, ‘बघ, चिमूटभरही मीठ घातलेलं नाही.’

हे सांगण्याला कारण होतं. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. म्हटलं, ही तर देवाने पाठवलेली भाजी. मीठ न घालता मिठाची चव. ती म्हणायची, ‘अहो, फार खारट लागते हो.’ मी म्हणायचो, ‘ते नैसर्गिक आहे.’ नैसर्गिक! या शब्दाचा मला आता राग येतो. आठवड्यातून तीन-चारदा, असे दीड महिना आम्ही ती खाल्ली. 2019 चा नोव्हेंबर होता.

एका रात्री ती उठली आणि म्हणाली, डोकं ठणकतंय, भिंत हलल्यासारखी वाटतेय. यंत्र लावलं तर वरचा आकडा 186, खालचा 108. मी पुन्हा लावलं. तेच. गाडी काढली. तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही आणि मी, तोफांच्या आवाजात तीस वर्षं काढलेला माणूस, गिअर चुकवत होतो. रात्रभर तिला ठेवून घेतलं. सकाळी आकडे उतरले. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, मीठ किती खाता? मी छाती काढून म्हणालो, जवळजवळ बंदच आहे. मग काय काय खाता ते सांगा, म्हणाला. मी सांगायला लागलो, मोरसपाशी आलो आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. तो मुलगा घाटावरचा, त्याला मोरस ठाऊक नव्हती. पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला बहुतेक कळलं. नुसतं एवढंच म्हणाला, ‘सर, खारट लागतंय म्हणजे त्यात मीठ आहे.’

केवढी साधी गोष्ट. गोळ्या बदलल्या होत्या, रात्रीची एक राहूनही गेली होती, म्हणून सगळा दोष भाजीचा असं तो म्हणाला नाही, मीही म्हणत नाही. पण माझा वाटा मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर शेजारच्या काकी विचारपूस करायला आल्या. आगरी, ऐंशीच्या पुढच्या, माझ्या आईबरोबर मिठागरावर राबलेल्या. मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘बाला, पानी फेकाचा आसतं. ठेवाचा नाय.’ आणि मग मला आठवलं. आई ते उकडलेलं पाणी मागच्या दारी, वाटेच्या कडेला ओतायची. तेवढ्या पट्ट्यात गवत उगवायचं नाही. आम्ही पोरं तिथे गोट्या खेळायचो. जागा साफ का असते, हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता.

सैन्यात जुना हुकूम बदलायचा असेल तर आधी तो का काढला होता, ते फायलीत शोधावं लागतं. आईची फाइल नव्हती.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. पाव किलो निवडलेली पानं मोजली, दोन लिटर पाण्यात सात-आठ मिनिटं उकडली, गाळली. ते पाणी या पातेल्यात मंद आचेवर आटवत बसलो. शेवटी तळाशी मातकट पांढरा थर उरला. खरवडला तर चहाचा चमचा भरून वर थोडा. ती सगळीच काही मिठाची नव्हे, इतरही क्षार असतील, पण चव घेतली आणि थुंकलो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. मी ते एका भाजीत, वरून पोळी, आमटी, लोणचं वेगळं, असं वाढत होतो.

आता हे मीठ नुसतं धुऊन का जात नाही, ते समजून घ्या, कारण पुष्कळ जण इथेच चुकतात. खाडीतलं तिवर असतं ना, ते जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी तिवराच्या पानावर बोट फिरवा, बारीक कण लागतात. मोरसचं तसं नाही. तिच्या पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी नाहीत. ती मीठ पेशींच्या आतल्या पोकळीत साठवते, आणि त्या मिठाच्या जोरावर खाऱ्या चिखलातून पाणी ओढून घेते. पान गुबगुबीत असतं ते त्यामुळेच. नळाखाली धरल्याने चिखल जातो, मीठ आतच राहतं. उकळत्या पाण्यात पेशी फुटल्या की ते बाहेर येतं. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वं जातात, हे खरंच. जाऊ द्या. ती दुसऱ्या भाजीतून मिळवा. उकडल्याने ऑक्झलेटही बरंच कमी होतं. या वर्गातल्या वनस्पतींत ते असतंच, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून राहावं.

तर माझी आजची पद्धत. कोवळे शेंडेच घ्यायचे. देठ लाल, काडीसारखे झाले असतील तर ती जुडी सोडून द्या. पानं ओरबाडून घ्या, काड्या टाका. तीन-चार पाण्यांत धुवा, चिखल बारीक असतो, दाताखाली कचकन येतो. मोठ्या पातेल्यात, भाजीच्या सात-आठ पट पाण्यात उकडा. गाळा. ताज्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, घट्ट पिळा. आता एक पान खाऊन बघा. अजून खारट वाटलं तर पुन्हा एकदा उकडा. मी आता दोनदाच उकडतो.

पहिली वाटी. यात तेलावर ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हिरवी मिरची, मग भिजवून निथळलेला जवळा. जवळाही खारट असू शकतो, तो आधी चाखा. तो खरपूस झाला की पिळलेली मोरस, दोन आमसुलं, वरून ओलं खोबरं. हळद घालतो, मीठ नाही. ताज्या कोळंबीची छानच होते. तांदळाची भाकरी हवी, पोळीबरोबर मजा नाही. हे माझं मत, इंदूरकरांचं वेगळं आहे.

दुसरी वाटी शाकाहारी मंडळींसाठी. चण्याची डाळ भिजवून अर्धवट शिजवलेली, त्यात मोरस, हिंग, सुकी मिरची. डाळ बिनमिठाची ठेवली की उरलासुरला खारटपणा ती ओढून घेते. बडोद्याची एक मुलगी, आमच्या भाच्याची बायको, यात थोडा गूळ घालते. मी तोंडावर काही बोललो नाही.

आणि वाढायची कशी? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या ताटात उजवीकडे भाजी-आमटी आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मोरस डावीकडे वाढा. तिची जागा चटणीची आहे, भाजीची नाही. दोन चमचे, बस्स. त्या दिवशी आमटी अळणी, पापड-लोणचं बंद. पाहुणे असतील तर वाढण्याआधी सांगा, हे काय आहे, कुठून आणलं आणि यात मीठ आहे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर आग्रह बिलकुल करायचा नाही. मराठी माणसाला आग्रहाशिवाय वाढणं जड जातं, मला ठाऊक आहे. मेसमध्ये मी वाढप्यांना एक ताकीद देऊन ठेवली होती, की ताटावर आडवा हात धरला की पळी मागे घ्यायची. घरी तो नियम लावायला मला एक रात्र दवाखान्यात काढावी लागली.

कुठून खुडायची, हेही तितकंच. या वनस्पती जशा मीठ शोषून साठवतात तशा चिखलातले जड धातूही शोषतात. दूषित जमीन साफ करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो का, यावर संशोधन चालतं ते त्याचसाठी. म्हणजे कारखान्याच्या किंवा गटाराच्या तोंडाशी वाढलेली, मोठ्या शहराच्या खाडीतली मोरस कितीही तजेलदार दिसली तरी घ्यायची नाही. धातू उकडून जात नाहीत. शिवाय आपल्याकडची बरीच कांदळवनं आता राखीव वन आहेत. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि शेंडे खुडा, उपटू नका. आमच्या काकी प्रत्येक झुडपाचे दोन-तीनच शेंडे घेतात आणि पुढे सरकतात.

ओळखीबद्दल एक कडक सूचना. पान किंवा फांदी तोडल्यावर पांढरा चीक आला तर हात लावू नका. खाडीत एक झाड असं आहे की त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. केरळच्या बॅकवॉटरच्या काठाला ‘ओथलम’ दिसेल. हिरव्या कैरीसारखं छान फळ, पण आतली बी हृदय बंद पाडते. फोटो पाहून, मोबाइलवरच्या ओळखीवर विसंबून किनाऱ्यावरचं काहीही खाऊ नका. ज्या बाईने ते चाळीस वर्षं शिजवलंय तिच्याबरोबर आधी चार वेळा जा.

जे समुद्रापासून लांब आहेत ते विचारतील, आम्ही काय करायचं? त्यांच्यासाठी सेसुवियम. समुद्रकाठी वाळूवर पसरते, लालसर देठ, समोरासमोर जाड पानं, गुलाबी चांदणीसारखी फुलं. तिची काडी कुंडीत लागते आणि गोड्या पाण्यावरही वाढते. मग खारटपणा पुष्कळ कमी होतो. माझ्या गच्चीत सहा कुंड्या आहेत. मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढायची, चिरून दह्यात कालवायची, जिऱ्याची फोडणी. फिलिपिन्समध्ये तिचं लोणचं घालतात. पण खरं सांगू, शहरात राहणाऱ्याला याहून सोपा मार्ग घोळीचा. तशीच जाड, रसाळ पानं, फुलं पिवळी, चव आंबटसर, आणि मिठाचा प्रश्न नाही. मूतखडावाल्यांनी मात्र तिथेही बेतानेच.

ही तिसरी वाटी घोळीची आहे. ताकातली, लसणाच्या फोडणीची. केली सौ.ने, मी नाही. त्या नोव्हेंबरनंतर वर्षभर तिने मला मोरस घरात आणू दिली नाही. मग एक दिवस काकींना घेऊन तीच खाडीवर गेली आणि येताना पदरात थोडी घेऊन आली. माझ्यासाठी. स्वतः उकडली, गाळली, आणि पाणी मागच्या दारी ओतून आली. मी विचारलं, बाहेर का, मोरीत का नाही? म्हणाली, ‘काकी म्हणाल्या, तिथेच ओतायचं.’ ती स्वतः एक चमचा घेते, त्याहून जास्त नाही. गोळी चालू आहे, सकाळचा आकडा बहुतेक 130 च्या आसपास असतो. तो वहीत लिहिण्याचं काम माझं.

बरं, वाट्या गार होतायत. समोर बसलेल्यांपैकी रक्तदाबाची गोळी कोणाकोणाला चालू आहे? हात वर करा, लाजू नका. एक, दोन... अरे, अर्धी खोली! तुम्ही या बाजूला या, तुम्हाला घोळ. बाकीच्यांनी दोन चमचे, डावीकडे.